न कलणारी बुलेट

माझ्या बुलेटला तिसरं चाक लागलं ते बायकोच्या गुडघ्यांमुळे. दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलले, चालणं सुधारलं, जिने चढता यायला लागले. पण मोटारसायकलच्या मागच्या सीटवर पाय टाकून बसणं काही जमेना. एका बाजूला पाय सोडून बसावं तर खड्ड्यात गाडी आपटली की पायावर ताण येतो, आणि उतरताना उंचावरून भार टाकायची तिला धास्ती. घरात चारचाकी आहे. दवाखान्यात, लग्नाला, परगावी आम्ही तिनेच जातो. पण लग्न झाल्यापासूनची आम्हा दोघांची भटकंती सगळी बुलेटवरची. रविवारी सकाळी पन्हाळ्यावर जाऊन झुणका-भाकर खायची, नाहीतर राधानगरीचा रस्ता धरून दाजीपूरपर्यंत जायचं. हंगामात गुऱ्हाळाचा वास आला की थांबायचं, काकवी घ्यायची. "मोटारीत काचा लावून बसलं की वाटेतलं काही अंगाला लागत नाही," असं ही म्हणते, आणि मला ते पटतं.

मुलांनी बुलेट विकायचा सल्ला दिला. हिने मात्र सरळ सांगितलं, "विकू नका. तिला साइडकार लावून घ्या."

तिच्या मनात ते कुठून आलं ते मला ठाऊक होतं. तिच्या वडिलांकडे साइडकार लावलेली स्कूटर होती. सत्तरच्या, ऐंशीच्या दशकात नोकरदार माणसाला मोटार परवडायची नाही. मग स्कूटरला डावीकडे साइडकार जोडायची. आई मागच्या सीटवर, पोरं साइडकारमध्ये, आणि पोरांच्या पायाशी भाजीची पिशवी. ही आणि तिची भावंडं तशी वाढलेली. पुढे लहान मोटारी आवाक्यात आल्या आणि साइडकार रस्त्यावरून हळूहळू दिसेनाशी झाली.

माझी बुलेट जुनी, कास्ट आयर्न इंजिनची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. तिच्यावर माझी सगळी नोकरी झाली. कायद्याचं काय, हे मी आधी बघून घेतलं. मोटार वाहन कायदा, १९८८ मधली मोटारसायकलची व्याख्याच अशी आहे की दुचाकी वाहन, आणि त्याला जोडलेली, काढता येणारी, जादा चाक असलेली साइडकार धरून ते वाहन मोटारसायकलच. म्हणजे रस्त्यावर तीन चाकं टेकली तरी कायद्याच्या लेखी गाडी दुचाकीच राहते आणि लायसन्सही तेच चालतं. आरटीओत रीतसर नोंद करून घेतली आणि गाडी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे नेली.

उद्यमनगर ही ओतणाऱ्या, घासणाऱ्या, जोडणाऱ्या हातांची वसाहत. ऑइल इंजिनांनी तिचं नाव झालं. साइडकारचा डबा आणि सांगाडा आम्ही तयार आणला होता, पण खरं काम तो बुलेटला बसवण्याचं होतं. सांगाडा चार ठिकाणी धरतात, दोन क्लॅम्प खाली, दोन वर. ते आवळले म्हणजे झालं, असं मला वाटत होतं. मिस्त्रींनी मात्र आख्खा दिवस मापांतच घालवला. पक्क्या सपाट फरशीवर गाडी उभी केली. मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना लागून एक सरळ अँगल ठेवला, साइडकारच्या चाकाला लागून दुसरा, आणि दोन्हींमधलं अंतर पुढे किती, मागे किती ते मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी पाहिजे, पंधरा-वीस मिलिमीटरच्या आसपास. साइडकारचं चाक गाडीकडे किंचित तोंड करून राहिलं पाहिजे, कारण डावीकडचं ते ओझं गाडीला सतत डावीकडे ओढत असतं. मग गवंड्याचा ओळंबा आणला. मोटारसायकल स्वतः सरळ उभी राहता कामा नये, साइडकारपासून लांब, उजवीकडे, एक-दोन अंश झुकलेली पाहिजे. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. त्या उतारावर, माणसं बसल्यावर, ती सरळ होते. शिवाय साइडकारचं चाक बुलेटच्या मागच्या चाकाच्या अगदी शेजारी येत नाही, ते वीतभर पुढे असतं. या तीन मापांत कमी-जास्त झालं तर हँडल धरून धरून खांदे भरून येतात. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेटही त्यांनी कमी दातांचं घातलं, वेग थोडा गेला आणि ओढ वाढली.

काम झाल्यावर किल्ली हातात देताना मिस्त्री म्हणाले, "सायेब, ही गाडी आता वाकायची न्हाई. हे ध्यानात ठेवा. आणि शिकायचं आसंल तर रिक्षावाल्याकडं जावा. बुलेटवाल्याकडं नगं."

एवढ्याशा बोलण्यात त्यांनी सगळं सांगितलं होतं. तिसरं चाक लागल्यावर गाडीत नेमकं काय बदलतं, असं मला पुष्कळ जण विचारतात, आणि बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं: आधार वाढतो, पडायची भीती जाते, म्हणजे चालवायला सोपी. उभ्या गाडीपुरतं हे खरं आहे. पण चालत्या गाडीला चाकं किती, यापेक्षा ती वळताना कलते की नाही, हा प्रश्न मोठा आहे.

दुचाकी कशी वळते हे ती चालवणाऱ्यालाही सहसा सांगता येत नाही. उजवीकडे वळायचं तर आपण आधी क्षणभर उजव्या हाताने हँडल पुढे ढकलतो, म्हणजे पुढचं चाक किंचित डावीकडे जातं. त्याने गाडी उजवीकडे कलते, आणि कलली की वळते. हे इतक्या सहज होतं की आपल्याला वाटतं आपण नुसतं अंग झुकवलं. विमान उडवणारे राइट बंधू मुळात सायकलींच्या धंद्यातले. त्यांपैकी विल्बर राइट यांनी ही गोष्ट बारकाईने पाहिली होती. डावीकडे कसे वळता, असं त्यांनी कितीतरी सायकलस्वारांना विचारलं, आणि पहिल्या झटक्यात पूर्ण बरोबर सांगणारा एकही भेटला नाही, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. आपलं शरीर हे शिकतं आणि डोक्याला पत्ता लागू देत नाही.

साइडकार लावली की हे सगळं उलटतं. गाडी कलू शकत नाही, म्हणून हँडल ढकलून काही उपयोग नाही. ज्या बाजूला जायचं त्या बाजूला हँडल सरळ वळवायचं. उजवा हात पुढे ढकलला तर गाडी डावीकडे जाते. ज्याने आयुष्यात कधी दुचाकी चालवली नाही त्याला यात काहीच अवघड नाही. ज्याने तीस-चाळीस वर्षं चालवली त्याचे हात मात्र नेमक्या घाईच्या क्षणी जुन्या सवयीने वागतात, आणि धोका तिथेच आहे.

म्हणून रिक्षावाला. आपली ऑटोरिक्षा ही हँडलची तीनचाकीच आहे. इटलीच्या पियाजिओने १९४८ साली व्हेस्पा स्कूटरच्या पुढच्या भागाला मागे दोन चाकांचा हौदा जोडून 'आपे' नावाची गाडी काढली. पुण्याच्या बजाजने पियाजिओशी करार करून स्कूटरी आणि तीनचाकी बनवायला घेतल्या, आणि त्यातून आपल्या रिक्षाचा वंश पसरला. आज पियाजिओचा स्वतःचाच तीनचाकींचा कारखाना बारामतीत आहे. हँडल धरून न कलणारी गाडी चालवायची विद्या म्हणजे रिक्षावाल्याची रोजची भाकरी, आणि ती आपल्या प्रत्येक गावात आहे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, पुढे इंजिन असलेल्या जुन्या रिक्षांपासून चालवत आलेले. आता रिक्षा मुलाकडे दिली आहे. त्यांनी पहाटे तपोवन मैदानावर न्यायला सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला हँडल धरू दिलं नाही. मला साइडकारमध्ये बसवलं आणि स्वतः चालवली, म्हणाले, "आदी ही बसनाऱ्याला कशी लागती ते बगा." तिथून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की साइडकारमधल्या माणसाला रस्ता किती जवळून दिसतो आणि चालवणाऱ्याचा प्रत्येक धसमुसळेपणा कसा अंगावर येतो. ही तिथे बसणार होती, त्यामुळे ते मी नीट लक्षात ठेवलं.

मग दहा-पंधराच्या वेगात गोल फेरे सुरू झाले, उजवीकडून, डावीकडून. "हँडल ढकलू नगासा, वळवा," हे ते दर फेरीला म्हणत. दुसरा धडा पायांचा. दुचाकीवाल्याचा पाय वेग कमी झाला की आपोआप खाली येतो. इथे डावा पाय खाली गेला तर साइडकारचा सांगाडा त्याच्यावरून जाईल. गाडी पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही पाय वरच ठेवायचे. चढणं-उतरणंही आता उजवीकडून, कारण डावीकडे साइडकार. पाय टाकायची बाजू बदलली एवढीच ती गोष्ट, पण गुडघ्यांना आणि कमरेला ती शिकवावी लागते.

तिसरा धडा सगळ्यांत महत्त्वाचा. त्यांनी साइडकार रिकामी ठेवली आणि मला डावीकडे फेरे घ्यायला लावले, हळूहळू वेग वाढवत. डाव्या वळणावर गाडीचा सगळा जोर उजवीकडे जातो. कलायची सोय नाही, म्हणून साइडकारचं चाक जमीन सोडतं. ते उचललं की डोकं सांगतं, हँडल उजवीकडे सोड, आणि खरंच तसं केलं की चाक खाली येतं. मोकळ्या मैदानावर यात काही बिघडत नाही. घाटातल्या डाव्या वळणावर मात्र हँडल उजवीकडे सोडणं म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीच्या वाटेत जाणं. म्हणून उपाय वळणाच्या आधी करायचा: वेग आधीच कमी करायचा आणि साइडकार रिकामी असेल तर तिच्यात तीस-चाळीस किलो वाळूचं पोतं टाकायचं. काकांनी मला चाक मुद्दाम उचलायला लावलं आणि सावकाश खाली ठेवायला लावलं, ते उचलण्याआधी हँडलमध्ये जो हलकेपणा येतो तो हाताला ओळखू येईपर्यंत. हे शिकवल्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

मला सर्वांत जास्त आवडलेला धडा शेवटचा होता. या गाडीत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक हेही वळवण्याचीच साधनं आहेत. पीळ दिला की मोटारसायकल पुढे जाते आणि साइडकार जडपणाने मागे राहते, म्हणून गाडीचं तोंड डावीकडे जातं. ब्रेक लावला की मोटारसायकल थांबते आणि साइडकार पुढे रेटते, तोंड उजवीकडे जातं. डावं वळण असेल तर आधी हळू होऊन मग हलका पीळ देत वळायचं. उजवं असेल तर वळता वळता पीळ सोडायचा. हे जमलं की वळणं घेण्यात एक वेगळीच गोडी येते. दुचाकीवर दोन्ही वळणं सारखी असतात. इथे प्रत्येक वळणाची बाजू आधी बघावी लागते, रस्ता वाचावा लागतो. वाघबिळापासून वर पन्हाळ्यापर्यंतचा रस्ता मी किती वर्षं चढतो आहे, पण त्यातली डावी वळणं कोणती आणि उजवी कोणती, हे मला साइडकार लागल्यावर पाठ झालं.

तीन चाकं कशी मांडली आहेत यावरही सगळं अवलंबून आहे. तीन टेकू असलेली वस्तू डगमगत नाही हे तिवई वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, पण तिवई वळत नाही. चालती गाडी वळते, ब्रेक लावते, आणि प्रत्येक वेळी तिचा भार त्या त्रिकोणात इकडून तिकडे सरकतो. रिक्षाला एक चाक पुढे, दोन मागे. वळता वळता जोरात ब्रेक लावला तर भार पुढच्या कोपऱ्याकडे, त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे जातो आणि गाडी कलंडते. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९३२ पासून १९७३ पर्यंत 'सर्व्हि-कार' नावाची अशीच मागे दोन चाकांची मोटारसायकल बनवली. तिथले पोलीस ती वापरत. कॅनडाची 'कॅन-ॲम स्पायडर' २००७ मध्ये आली, ती याच्या उलट, दोन चाकं पुढे आणि एक मागे. ब्रेकच्या वेळी भार पुढे जातो आणि तिथे दोन चाकं रुंद पसरून असतात, म्हणून ही मांडणी त्या बाबतीत भक्कम. तरीही तीही कलत नाही, म्हणून चाक उचलू नये यासाठी तिच्यात वेग आणि ब्रेक आपोआप आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवलेली असते. साइडकारचा त्रिकोण तर वाकडाच: एक बाजू भक्कम, दुसरी कच्ची.

आणि काही तीनचाकी कलतातही. भाचा पॅरिसला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा रस्तोरस्ती पुढे दोन चाकं असलेल्या स्कूटरी दिसल्या. तीही पियाजिओचीच, एमपी-३ नावाची, २००६ सालची निर्मिती. भाच्याच्या मित्राने मला मागे बसवून नेलं. पुढची दोन चाकं जोडकाम केलेल्या दांड्यांवर असतात. वळताना दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना समांतर कलतात. दगडी फरसबंदीवर पाऊस पडून गेला होता. त्या ओल्या दगडांवर साध्या स्कूटरचं पुढचं चाक सरकतं तिथे हिची पकड सुटत नव्हती. सिग्नलला त्याने एक बटण दाबलं आणि गाडी जागच्या जागी ताठ झाली. पाय खाली न टेकवता तो बसून राहिला. निघताना पीळ दिला तसं ते कुलूप सुटलं. चालवायच्या दृष्टीने ती पूर्ण दुचाकी आहे, तिसरं चाक फक्त पकडीसाठी. यामाहाने २०१८ मध्ये 'निकेन' काढली ती याच जातीची, पण मोठ्या इंजिनाची. दुचाकीवर हात बसलेल्या माणसाला नवं काही न शिकता एमपी-३ चालवता येईल. माझ्या साइडकारवर तो पहिल्याच वळणाला गडबडेल. चाकं दोन्हींकडे तीनच.

आमच्या कामाला ती एमपी-३ मात्र आली नसती. मागची सीट उंचच, पाय टाकूनच बसावं लागतं. हिला हवी होती खाली टेकलेली, पाय लांब करता येतील अशी बसायची जागा, आणि ती साइडकारमध्येच मिळते. मिस्त्रींनी डब्याच्या बाजूला एक पायरी आणि धरायला दांडा लावून दिला. ही आधी पायरीवर उभी राहते, दांडा धरून वळते आणि सावकाश खाली बसते. पहिल्यांदा बसली तेव्हा तिने पाय पूर्ण पसरले, हेल्मेटचा पट्टा लावला आणि म्हणाली, "चला आता, किती वेळ बघत बसणार?"

आम्ही राधानगरीच्या रस्त्याला लागलो. हंगाम सुरू होता. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रांगेने कारखान्याकडे चालले होते. दुचाकीवर असताना मी अशा ट्रॅक्टरच्या कडेने अलगद निघून जायचो. आता ते शक्य नाही. साइडकारसकट गाडीची रुंदी पाच फुटांच्या जवळपास जाते, आणि ती डावीकडे असल्याने तिकडचा अंदाज घ्यायला वेळ लागतो. समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत मागेच राहावं लागतं. हे मला जड गेलं नाही, कारण थांबणं आता सोपं होतं. पाय टेकायची, तोल धरायची गरज नाही, क्लच दाबून नुसतं बसायचं. शेताच्या वाटांवरून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल डांबरावर पसरलेला असतो. त्याच्यावर दुचाकी कधी घसरेल याचा नेम नसतो. साइडकार तिथून निर्धास्त जाते, मागचं चाक थोडं इकडे-तिकडे झालं तरी गाडी आडवी होत नाही. पावसाळ्यात मी दुचाकी बंद ठेवायचो. आता पावसातही निघतो. दुचाकीपेक्षा साइडकार निःसंशय बरी असं कुणी मला म्हणायला लावलं, तर मी कोल्हापूरच्या पावसापुरतं ते म्हणेन.

खड्ड्यांचं मात्र उलट. दुचाकीचा रस्त्यावर एकच माग उमटतो, तो खड्ड्यांच्या मधून काढता येतो. इथे एक माग मोटारसायकलचा आणि एक साइडकारचा, दोन हातांच्या अंतरावर. एक खड्डा चुकवला तर दुसरा सापडतो. कोणता खड्डा घ्यायचा ते ठरवावं लागतं, आणि मी नेहमी मोटारसायकलचा घेतो, हिचा चुकवतो. स्पीडब्रेकरवर साइडकारचं चाक पुढे असल्याने ते मागच्या चाकाआधी चढतं, म्हणून गाडी आडवी डुलते. अगदी हळू घेतलं तर हिला त्रास होत नाही.

मला वाटलं होतं त्याहून एक मोठी गोष्ट मिळाली. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचं काम एवढंच की चालवणाऱ्याच्या हालचालीला विरोध करायचा नाही. साइडकारमध्ये बसलेला माणूस गाडी चालवण्यात भागीदार होतो. साइडकारच्या शर्यतींची जागतिक स्पर्धा १९४९ पासून होते, आणि तिच्यात प्रत्येक गाडीवर दोघं असतात. दुसऱ्याचं काम वळणागणिक आपलं अंग या टोकाहून त्या टोकाला टाकून चाक जमिनीवर ठेवणं, हेच. आमचा वेग कुठला तेवढा, पण डावं वळण आलं की ही डाव्या कडेला सरकून हात दांड्यावर टाकते, आणि तेवढ्याने मला हँडलमध्ये फरक जाणवतो. पन्हाळ्याच्या वाटेवर ती पुढचं वळण बघून मला आधीच सांगते, "डावं आहे हो, लांबट." पूर्वी आम्ही बुलेटवर बोलायचो ते वाऱ्यात ओरडून, मान वळवून. आता ती माझ्या बाजूला असते, थोडी खाली, आणि मला तिचा चेहरा दिसतो. कळंब्याच्या पुढे सुगी पाहताना, पक्षी दाखवताना तिचा हात वर येतो तोही दिसतो. इतकी वर्षं एकत्र फिरून हा फायदा आम्हाला कधी मिळाला नव्हता.

गेलं ते काय, तेही सांगितलं पाहिजे. कलणं गेलं. गगनबावड्याच्या रस्त्यावर, सकाळी, रिकाम्या वळणांवर बुलेट इकडे झुकायची, तिकडे झुकायची, आणि त्या झुकण्यात शरीर आणि यंत्र एकाच तालात यायचं. तो आनंद साइडकारमध्ये नाही. इथला आनंद हाताच्या कष्टाचा आहे. हँडल वळवावं लागतं, धरून ठेवावं लागतं, पन्नास किलोमीटरनंतर दंड भरून येतात. मला तो कलण्याचा आनंद अजून आठवतो आणि कधीकधी मित्राची दुचाकी मागून मी तेवढ्यासाठी रंकाळ्याला एक फेरी मारतो. पण हँडलची सवय बदलायला पहिली काही मिनिटं अगदी सावध राहतो, जातानाही आणि परत आल्यावरही. दोन्ही गाड्या चालवणाऱ्याने हे नेहमीच पाळलं पाहिजे.

खर्चही वाढला. लिटरला पस्तीसच्या आसपास जाणारी गाडी आता पंचवीसच्या खाली येते. मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो, कारण कलत नसल्याने त्याच्या कडा रस्त्याला लागतच नाहीत. चाकांच्या तारा सारख्या तपासाव्या लागतात. दुचाकी वळताना कलते तेव्हा चाकावरचा जोर उभ्या रेषेतच राहतो. इथे तो आडवा बसतो, आणि तारांची चाकं त्या आडव्या जोरासाठी बनवलेली नसतात. रिव्हर्स गिअर नाही, त्यामुळे गाडी उभी करतानाच निघायची दिशा बघून लावायची, उतारावर तोंड घालायचं नाही. गुजरीच्या बाजूला, महाद्वार रोडला मी ती नेतच नाही. दुचाकींच्या रांगेत ती मावत नाही, आणि चारचाकीच्या जागेत लावली तर लोक तिथे ती दुचाकी समजून ढकलू बघतात.

लोक मात्र प्रेमाने बघतात. सिग्नलला थांबलं की शेजारचा कुणीतरी 'शोले'तलं गाणं गुणगुणतोच. तो सिनेमा १९७५ चा, आणि गुणगुणणाऱ्यांत कॉलेजची पोरंही असतात. ही त्यांना हात करते. एकदा हायवेच्या टपरीवर चहा घेत होतो तेव्हा एका मुलाने फार तपशिलाने चौकशी केली. त्याच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, मागे बसवता येत नाही. मी त्याला क्लॅम्प, मापं, वाळूचं पोतं सगळं सांगितलं आणि उद्यमनगरचा पत्ता दिला. आणि मिस्त्रींचंच वाक्य ऐकवलं, की शिकायला रिक्षावाल्याकडे जा.

आता हिचं मन कोकणात लागलं आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडी, तिथून पुढे समुद्र. चढाला माझी तक्रार नाही, उताराची आहे. साइडकारच्या चाकाला ब्रेक नाही. घाटात सलग ब्रेक लावत उतरताना साइडकार पुढे रेटत राहणार, गाडी उजवीकडे ओढत राहणार, आणि जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक तापत जाणार. तिसऱ्या चाकाला ब्रेक बसल्याशिवाय मी तिला घेऊन तो घाट उतरणार नाही, हे मी तिला सांगितलं आहे, आणि तिने ते मानलं आहे. मिस्त्री साइडकारच्या चाकात ड्रम बसवून त्याचा दांडा बुलेटच्या पायातल्या ब्रेकला जोडायच्या खटपटीत आहेत. साइडकारचा ब्रेक किती धरला पाहिजे हे मापून ठरवावं लागतं. जास्त धरला तर गाडी डावीकडे ओढली जाईल. सोमवारी गाडी त्यांच्याकडे न्यायची आहे, आणि हिने येताना वजनाला म्हणून स्वतः साइडकारमध्ये बसायचं कबूल केलं आहे, म्हणजे माप खऱ्या भारावर घेता येईल.